गाडी बाहेरून धुणं-पुसणं : पद्धत, प्रमाणं आणि रंगावर उठणाऱ्या जाळ्या

मायक्रॉन

उन्हात गाडीकडे तिरकं पाहिलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, ती कशाने येते आणि कशी घालवायची, हा सारखा येणारा प्रश्न. उत्तरं इथेतिथे विखुरलेली आहेत, म्हणून सगळं एका धाग्यात आणतोय. भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

पत्र्यावर काय काय असतं ते आधी बघू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर खालून वर चार थर असतात : गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमीच. चमक दिसते ती याच थराची आणि खालच्या रंगाला उन्हापासून जपतो तोही हाच. तो एकदा घासून गेला की परत येत नाही.

जाळीतल्या रेघा खरं तर गोल नसतातच. क्लिअर कोटवर सगळ्या दिशांना बारीक ओरखडे असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. मोबाइलचा टॉर्च बोनेटवरून सरकवून पाहा, जाळीही त्याच्याबरोबर सरकते. त्यामुळे ‘गोल गोल पुसल्याने जाळी येते’ हे अर्धंच खरं. सरळ पुसलं तरी फडक्याखाली रेती असेल तर ओरखडा पडणारच. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, खनिजांचा कडकपणा सांगणाऱ्या मोह्सच्या १ ते १० या मापावर त्यांचा कडकपणा ७. क्लिअर कोट त्यापुढे लोणीच.

एवढं कळलं की पुढचा सगळा क्रम आपोआप सुचतो : हात लागायच्या आधी जेवढी रेती पाण्याने जाईल तेवढी घालवायची.

१. गाडी सावलीत, बोनेट हाताला गार लागेल इतकं थंड. तापल्या पत्र्यावर शाम्पू वाळून डाग धरतो.

२. चाकं आधी. त्यांचा मळ रंगावर उडतो, आणि चाकं होईपर्यंत बाकी गाडी धुतली असेल तर ती वाळून बसते.

३. नुसत्या पाण्याने वरून खाली भरपूर धुवा. प्रेशर वॉशर असेल तर १०० ते १२० बार पुरे, २५ किंवा ४० अंशांचा नोझल, पत्र्यापासून किमान ३० सेंमी लांब. जिथे खडा लागून रंग उडालाय तिथे आणि दारांच्या रबरांवर आणखी लांबून. शून्य अंशाचा लाल नोझल गाडीला वापरायचाच नाही, तो रंगाचा पापुद्रा उचलतो.

४. फेस. फोम कॅननच्या (प्रेशर वॉशरला जोडून फेस मारायचं साधन) १ लिटरच्या बाटलीत १०० मिली फोम शाम्पू आणि ९०० मिली पाणी. ४-५ मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका, मग धुवून काढा. हाताने एकदाही न घासता निम्म्याहून जास्त मळ इथेच उतरायला हवा. उतरला नसेल तर फेस परत मारा, हात घालायची घाई नको.

५. दोन बादल्या, प्रत्येकी १५ ते २० लिटरच्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी रेती खाली अडवणारी प्लॅस्टिकची जाळी. शाम्पूचं प्रमाण बाटलीवर असतं ते पाळा. १:५०० लिहिलं असेल तर १० लिटर पाण्याला २० मिली. ‘अजून थोडा’ म्हणून दुप्पट घातला तर मळ जास्त निघत नाही, धुवायला मात्र पाणी जास्त लागतं.

६. वॉश मिट (हातात घालायचा लांब तंतूंचा धुण्याचा मोजा) शाम्पूत बुडवून छत, काचा, बोनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग आणि सगळ्यांत शेवटी खालची पट्टी व बंपर. हात सरळ रेषेत, दाब जवळजवळ नाहीच. एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात खंगाळायचा, जाळीवर घासायचा, पिळायचा, मगच परत शाम्पूत.

७. शेवटी पाइपचं तोंड काढून टाका आणि पाणी सावकाश वरून सोडा. पाण्याचा अखंड पडदा उतरतो आणि जाताना थेंबही ओढून नेतो. पुसायला निम्मंच उरतं.

८. पुसू नका, टिपा. त्याबद्दल पुढे कुणीतरी लिहीलच.

निळी_बादली

छान धागा. पुसण्याचं मी घेते.

मोठा ट्विस्टेड लूपचा (पिळलेल्या तंतूंचा) टॉवेल, १००० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचा. बोनेटवर पसरायचा, वरून तळहाताने थोपटायचं, दोन टोकं धरून अलगद आपल्याकडे ओढायचा. ओढतानाही दाब द्यायचा नाही, त्याचं वजनच पुरतं. कोरडाठाक टॉवेल पहिल्यांदा पाणी ओढत नाही, एकदा भिजवून घट्ट पिळून घेतला की लगेच ओढतो.

आरशांच्या खाचा, दारांचे हँडल, मागचे दिवे आणि नंबरप्लेटच्या मागे पाणी लपून बसतं. गाडी पुसून झाली की दहा मिनिटांनी तिथून ओघळ येतात आणि वाळून पांढरे होतात. ब्लोअर असेल तर आधी तिथे हवा मारा. नसेल तर आरसे एकदा मिटवून उघडा, दारं उघडून चौकटी पुसा, मग शेवटी जुन्या फडक्याने ओघळ टिपा.

स्पंज वापरू नका. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, रेतीला आत शिरायला जागा नसते, ती स्पंज आणि रंगाच्या मध्ये अडकून फिरते. मिटच्या लांब तंतूंमध्ये ती आत ओढली जाते. जमिनीवर पडलेला मिट किंवा टॉवेल त्या दिवसापुरता बाद. झटकून परत लावायचा नाही.

पितळी

सगळं पटलं, पण दोन बादल्यांचं प्रस्थ जरा जास्त माजलंय. एका बादलीत सात-आठ मायक्रोफायबर फडकी बुडवून ठेवायची. एका भागाला एक फडकं, वापरलेलं परत बादलीत जात नाही. मग खंगाळायचा प्रश्नच उरत नाही आणि पाणी निम्मं लागतं. धुतलेली रेती परत शाम्पूत जाऊ नये एवढाच तर दुसऱ्या बादलीचा हेतू, तो इथे जास्त पक्का साधतो.

मायक्रॉन

पितळी, सहमत. फक्त ती फडकी नंतर नीट धुतली पाहिजेत, नाहीतर आजची रेती पुढच्या वेळी रंगावर.

घाईत

वाखूण साठवली. शंका : रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकतात त्याचं काय? रोज एवढं पाणी वापरणं शक्य नसतं.

थेंबथेंब

जाळी येण्याचं एक नंबरचं कारण तेच. रोज झटकलेल्या गाडीपेक्षा पंधरा दिवस धुळीत उभी राहिलेली आणि मग नीट धुतलेली गाडी जास्त चकचकीत राहते. कोरडी धूळ स्वतःहून ओरखडा पाडत नाही, तिला रंगावर दाबून सरकवलं की पाडते. पिसांचा झाडू, मेण लावलेला झाडू, सगळ्यांची गत तीच.

धुळीच्या गाडीवर घातलेलं कापडी कव्हरही त्यातलंच. वाऱ्याने ते हलत राहतं आणि आतली रेती रात्रभर रंगावर फिरते. कव्हर घालायचं तर धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या गाडीवरच. ओल्या गाडीवर घातलं तर वाफ कोंडते.

पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवून काढावा न लागणारा. हे द्रव साधारण १:२५६ या प्रमाणात घालतात, म्हणजे १० लिटर पाण्याला ४० मिली. फेस होत नाही, त्याला भुलू नका. यातले पॉलिमर धुळीच्या कणाभोवती निसरडं वेष्टण करतात आणि कण रंगावर न घासता फडक्यात जातो. पद्धत अशी :

तेच मिश्रण फवारणीच्या बाटलीत भरून एका भागावर भरपूर मारा, अर्धा-एक मिनिट थांबा. बादलीतलं फडकं हलकं पिळून चार घड्या करा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका दिशेला एकच हात मारायचा, मागे-पुढे नाही. दोन-तीन हातांनंतर बाजू बदलायची. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. पूर्ण गाडीला ८ ते १० फडकी आणि ८-१० लिटर पाणी.

मात्र ही पद्धत हलक्या धुळीसाठी आहे. चाकांच्या मागे चिखलाचे थर असतील तर आधी पाइप हवाच.

पितळी

थेंबथेंब, फवारा मारताना कंजुषी नको हे ठळक अक्षरांत लिहा. बहुतेकांचं तिथेच बिघडतं. धूळ नुसती ओलसर झाली की तिचा चिकट चिखल होतो, तो कोरड्या धुळीपेक्षा वाईट. भाग असा भिजायला हवा की पाणी ओघळायला लागेल.

चाकवाला

चाकांसाठी वेगळी बादली, वेगळे ब्रश, वेगळं फडकं. ही तीन कधीही रंगाला लावायची नाहीत. ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाचे तापलेले कण रिमवर उडतात आणि रुतून बसतात. शाम्पूने ते निघत नाहीत, त्यासाठी आयर्न रिमूव्हर लागतो. त्यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाला धरतं आणि जांभळं होतं. गार, कोरड्या रिमवर फवारायचं, ३ ते ५ मिनिटं थांबायचं, जांभळे ओघळ दिसायला लागले की मऊ ब्रशने घासून धुवायचं. वाळलं तर त्याचेच डाग पडतात. वास कुजक्या अंड्यासारखा येतो, तो तसाच असतो. हातमोजे घाला आणि उघड्यावर करा. जांभळा रंग जास्त आला म्हणजे औषध जास्त भारी असं नाही, लोखंड जास्त होतं इतकंच.

‘फवारा आणि धुवा, घासायची गरज नाही’ म्हणणारे जहाल आम्लाचे क्लीनर टाळा. लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) नसलेल्या किंवा लॅकर उडालेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ते पांढरट ढग उठवतात, आणि तो डाग पॉलिश केल्याशिवाय जात नाही. कडक अल्कलीही उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर तसंच करते.

टायर : ऑल पर्पज क्लीनर १:५, ताठ ब्रश, फेस पांढरा येईपर्यंत. पहिल्यांदा फेस तपकिरी येतो. तो सगळा मळ नसतो, रबर तडकू नये म्हणून कंपनीने मिसळलेलं अँटिओझोनंट हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेशी संयोग होऊन तपकिरी होतं. ड्रेसिंग (टायर काळाभोर दिसण्यासाठीचा लेप) लावायचं तर पूर्ण कोरड्या टायरवर, पाण्यावर आधारित, पातळ हात, दहा मिनिटांनी जादाचं पुसून. न पुसलेलं ड्रेसिंग गाडी पळाली की मडगार्डवर आणि दारांवर काळे शिंतोडे उडवतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच लावू नका, घसरेल.

एक राहिलं. धुवून झाल्यावर गाडी लगेच उभी करून हँडब्रेक ओढू नका. ओल्या डिस्कवर गंज धरतो आणि पॅड तिला चिकटतात. थोडं अंतर चालवून तीन-चार वेळा हलका ब्रेक मारा, डिस्क वाळते.

घाईत

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालते का? डांबरासाठी रॉकेल?

मायक्रॉन

कपड्यांची पावडर नाही. ती चांगलीच अल्कलाइन असते आणि तिचे न विरघळलेले कण मिटमध्ये राहतात. शिवाय रबर आणि काळं प्लॅस्टिक फिकट पडायला हातभार लावते. भांड्यांच्या द्रवाने एका धुण्यात रंग जाणार नाही, ती भीती फुगवलेली आहे. पण तो तेलकट काढण्यासाठीच बनवलेला असतो, वॅक्सही ओढून नेतो, आणि गाडीच्या शाम्पूत मिट घसरता ठेवणारं जे वंगण असतं ते त्यात नसतं. मिट अडखळत सरकला की ओरखडे आलेच.

रॉकेलने डांबर विरघळतं हे खरं. टार रिमूव्हरही (डांबर काढायचं द्रव) पेट्रोलियमचाच विद्रावक असतो. फडक्यावर थोडंसं घ्या, डागावर अर्धा-एक मिनिट ठेवा, डांबर तपकिरी होऊन सुटायला लागलं की उचलून घ्या, घासू नका. लगेच शाम्पूने धुवा, नाहीतर तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. रबर आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नका. थिनर मात्र अजिबात नाही. रिपेंट केलेल्या भागावर तो रंगच उचलतो.

कावळा

नाव बघून हसू नका, पक्ष्यांच्या शिटेबद्दल लिहितो.

तिचा डाग रंगात का बसतो याची दोन कारणं. एक, तिच्यात युरिक आम्ल असतं. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं : उन्हात क्लिअर कोट तापून किंचित मऊ होतो आणि फुगतो, वरची शीट मात्र वाळून कडक झालेली असते. संध्याकाळी कोट गार होऊन आकसतो तो तिच्या खडबडीत पृष्ठभागाला धरूनच. धुतल्यावर जो मंद, सुरकुतल्यासारखा ठसा दिसतो तो हाच. म्हणून गडद रंगाची, उन्हात उभी गाडी असेल तर काही तासांतच बिघडतं, सावलीतल्या गाडीला जास्त सवड मिळते.

काढताना : जाड टिश्यू किंवा फडकं पाण्याने निथळेल इतकं भिजवून डागावर ठेवायचं, ५ ते १० मिनिटं. वाळलं तर वरून पाणी घालायचं. मग चिमटीत धरून वर उचलायचं. बाजूला ओढलं तर आतल्या बिया आणि खडे ओरखडा पाडतात. ठसा राहिलाच असेल तर कडक उन्हात गाडी तापवून पाहा. कधीकधी क्लिअर कोट पुन्हा पसरतो आणि ठसा फिका पडतो. नाही पडला तर पॉलिश.

झाडाचा चीक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. फडकं भिजवून अर्धा मिनिट ठेवा, मऊ झाला की पुसा. नखाने खरवडू नका. लगेच धुवा.

किड्यांचा चिकटा बंपरवर असेल तर फोमच्या आधी वेगळा फवारा, आणि जाळीच्या स्पंजची मदत नको.

थेंबथेंब

क्षाराच्या पाण्याचे डाग राहिले. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम थेंब वाळला की मागे राहतं. कडेला पांढरी कड आणि मध्ये मोकळं, म्हणजे डाग वरवरचा. बोटाला हलका उंचवटा लागतो. त्याला घरातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. फडकं भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, सावलीत, मग भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुवा. चुन्याचा डाग आम्लात विरघळतो. पाण्यात सिलिका जास्त असेल तर ते डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत. डाग जाऊनही कड खोलगट दिसत राहिली तर क्लिअर कोट खाल्ला गेलाय, त्याला पॉलिशशिवाय इलाज नाही.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे डाग पडूच न देणं. शेवटचं धुणं डीआयोनाइज्ड पाण्याने केलं तर न पुसताही डाग राहत नाहीत, कारण मागे राहायला क्षारच नसतात. एअर कंडिशनरमधून ठिबकणाऱ्या पाण्यातही क्षार जवळजवळ नसतात, पण त्यात धूळ आणि शेवाळ असतं. गाळून वापरायचं तर शेवटच्या धुण्यालाच.

निळी_बादली

धुतल्यावरही हात फिरवला की खरखर लागते त्याचं? प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं रंगावरून फिरवा, खरखर दहापट कळते. हे रुतलेले कण, क्ले बारने (मळता येणाऱ्या चिकणमातीसारख्या वडीने) निघतात.

बारीक ग्रेडचा क्ले घ्या, ४०-५० ग्रॅमचा तुकडा हातात मळून चपटा करा. वंगण भरपूर फवारा, शाम्पूचं पातळ पाणीही चालतं. फूटभर चौकोनात सरळ रेषेत, फक्त बोटांच्या वजनाने. सुरुवातीला अडखळतो आणि किरकिर आवाज येतो. आवाज थांबला, बार निसरडा झाला की तो भाग झाला. दर भागानंतर घडी घालून स्वच्छ बाजू वर. खाली पडला तर सरळ कचऱ्यात, कितीही महाग असो. त्यात रुतलेली रेती धुऊन निघत नाही.

क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर रंगावरही मारा, निम्मं काम होतं. आणि वर्षातून एक-दोनदाच, दर महिन्याला नाही. क्ले थोडे तरी ओरखडे सोडतोच, गडद रंगावर नंतर पॉलिश करायची तयारी ठेवूनच हात घाला.

जुनापत्रा

दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग आणि पॉलिश’ करून घेतात त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

कंपाउंड (रबिंगची घासणारी पेस्ट) रेघा भरत नाही, रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतो. एका वेळी दोन-चार मायक्रॉन सहज जातात. वर्षातून तीनदा केलं तर पाच वर्षांत काय उरेल याचा हिशेब ३५ ते ५० मधून स्वतःच करा. शिवाय उन्हाला अडवणारी रसायनं क्लिअर कोटच्या वरच्या भागात जास्त असतात, म्हणजे आधी तीच जातात. छतावर आणि बोनेटवर पांढुरके, सोलल्यासारखे पट्टे दिसणाऱ्या जुन्या गाड्यांचा निम्मा इतिहास हाच.

काही दुकानांत तर कंपाउंडनंतर तेलकट ग्लेझ मारतात, ते रेघा तात्पुरत्या भरतं. दोन धुण्यांत गेलं की जाळी जशीच्या तशी.

मायक्रॉन

जुनापत्रा, +१. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी नीट लिहितो.

आधी नख. ओरखड्यावरून आडवं फिरवा, अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, मागे लागू नका. मग जाडी मोजायचं मीटर. लोखंडी पत्र्यावर ९० ते १५० आलं तर मूळ रंग. एखाद्याच भागावर २०० च्या वर आलं तर तो पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. ८० च्या खाली असेल तर मशीन लावू नका. साधं चुंबकीय मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बोनेटवर चालत नाही, तिथे अंदाजाने कमीच घासायचं.

पॉलिशचं मशीन फिरता फिरता डोलणारं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. नुसती गोल फिरणारी रोटरी नवशिक्याच्या हातात नको, एकाच जागी दोन सेकंद जास्त राहिली तर रंग जाळते. कडा, दारांच्या घड्या आणि बोनेटच्या रेषा यांवर मास्किंग टेप लावा. तिथे कोट मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो.

आधी दीड फूट चौकोनात चाचणी, सगळ्यांत मऊ पॅड आणि सगळ्यांत बारीक पॉलिशने. १२५ मिमी पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके. वेग १ वर पसरवा, मग ४-५ वर. हात सेकंदाला दोन-तीन सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढलेला, एकदा उभं, एकदा आडवं, असे चार ते सहा फेरे. पॅड फिरायचा थांबला तर दाब जास्त होतोय. पॅडच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा, फिरतोय का थांबलाय ते लगेच दिसतं. दर भागानंतर पॅड ब्रशने साफ.

पुसल्यावर १५ ते २५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने तेल काढा आणि मगच टॉर्च मारा. ७० ते ८० टक्के रेघा गेल्या की थांबा. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी लागणारा कोट तुमच्याकडे नाही असंच समजायचं.

मॅट फिनिशच्या गाडीला यातलं काहीही लागू नाही. पॉलिश केलं की तेवढाच चट्टा चमकतो आणि परत मॅट होत नाही.

पितळी

मग वर काय लावायचं? सिरॅमिकवर (रंगावर लावायचं, कडक होणारं द्रव कोटिंग) भांडण होणारच, सुरू करतो. कारनौबा वॅक्स दीड-दोन महिने. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक नीट लावलं आणि नीट धुतलं तर एक ते तीन वर्षं. ‘९एच’ म्हणजे हिऱ्याजवळचा कडकपणा असा समज करून देतात. ते पेन्सिलच्या शिसाचं माप आहे, ९एच पेन्सिलने ओरखडा पडत नाही इतकाच त्याचा अर्थ. एक-दोन मायक्रॉनचा थर रस्त्यावरचा खडा अडवणार नाही. खडा अडवायचा तर रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची.

थेंबथेंब

पाण्याचे डाग सिरॅमिकवर पडत नाहीत, हाही गैरसमज. थेंब गोल उभे राहतात आणि उन्हात तिथेच वाळतात. क्षाराच्या पाण्याने धुणाऱ्यांना उलट जास्त जागरूक राहावं लागतं. फायदा खरा कुठे? मळ कमी चिकटतो, धुताना मिट हलका फिरतो.

मायक्रॉन

लावताना बिघडतं ते पुसण्याच्या वेळेत. तेल काढलेल्या पत्र्यावर छोट्या चौकोनात लावा, इंद्रधनुष्यासारखी झाक दिसू लागली की एक ते तीन मिनिटांत, गरमी असेल तर आधीच, सपाट पुसा. राहून गेलेला जाड पट्टा कडक झाला की पॉलिशनेच निघतो. २४ तास पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही. जुन्या रेघांवर लावलं तर रेघा कायमच्या काचेखाली ठेवल्यासारख्या, म्हणून तयारीतच सगळं काम आहे. नव्याने रंगवलेल्या भागावर लगेच वॅक्स किंवा कोटिंग नको, आतला विद्रावक उडून जायला वेळ द्या. किती, ते रंगवणाऱ्याला विचारा, काही आठवडे तरी.

जुनापत्रा

फुटकळ, पण सारखं विचारलं जातं ते :

काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग पडले तर ऑल पर्पज क्लीनर १:१० आणि जुना टूथब्रश. पुढच्या वेळी आधी टेप लावा.

पिवळे हेडलाइट : पॉलिकार्बोनेटवरचा संरक्षक थर उन्हाने मेलेला असतो. टूथपेस्टने चकाकी येते, पण तो थर परत येत नाही, काही आठवड्यांत पुन्हा पिवळं. पाण्याचा पेपर १०००, २०००, ३००० असा क्रमाने, मग कंपाउंड, आणि शेवटी यूव्ही क्लिअरचे (ऊन अडवणारा पारदर्शक थर) दोन पातळ हात. शेवटची पायरी गाळायची असेल तर पहिली करूच नका.

वायपर थरथरतो : रबर बदलायच्या आधी काच क्लेने साफ करा आणि रबराची कड अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. बहुतेक वेळा काचेवरच्या तेलकट पापुद्र्याचं काम असतं. तरीही काचेवर डाग राहिले तर सीरियम ऑक्साइड (काच पॉलिश करायची पावडर).

घाईत

धुताना पाऊस ओळखणारे वायपर अचानक सुरू होतात, दारं आपोआप उघडझाप करतात. काय करावं?

चाकवाला

वायपर ऑटोवरून बंद करा, ओल्या काचेवर हात असताना फिरले तर बोटं आणि ब्लेड दोन्ही जातात. किल्ली गाडीपासून पाच-सहा मीटर लांब ठेवा. हँडलच्या सेन्सरला मिट लागला की किल्ली जवळ असल्यास कुलूप उघडतं, आणि पायाने उघडणाऱ्या डिकीखाली पाण्याचा झोत गेला तर तीही उघडते. चार्जिंगचं किंवा इंधनाचं झाकण बंद आहे ना, ते आधी पाहा.

निळी_बादली

फडकी धुण्याचं वर राहिलं होतं. मायक्रोफायबर ४० अंशांच्या आत, द्रव डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच अजिबात नाही. सॉफ्टनर तंतूंवर मेणचट थर देतो, मग फडकं पाणी ओढण्याऐवजी पसरवतं. सुती कपड्यांबरोबर घालू नका, लिंट धरतं. सावलीत वाळवा. शिवणीतलं लेबल नवं असतानाच कापून टाका, त्याची कड रंगावर रेघ ओढते.

जुनापत्रा

आणि दारांच्या खालच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं असतात, पाणी निचरायची. आतून जुन्या टूथब्रशने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी ठेवा, तारेने नाही, तार तिथला रंग खरवडते. दार हलवल्यावर आत पाणी खळखळलं तर ती बुजलीत असं समजा. पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली पानंही हातानेच काढा. प्रेशरने मारलीत तर ती आत जाऊन नेमका निचऱ्याचा नळ बंद करतात, आणि मग पाणी केबिनमध्ये पायाशी येतं.